तिरकी रेघ

आत्याच्या खोलीला रंग द्यायचा होता, म्हणून तिची पत्र्याची ट्रंक हलवायची वेळ आली. वर लोकरीचे स्वेटर, त्याखाली बँकेची जुनी पासबुकं आणि अगदी तळाशी विरलेल्या नऊवारीच्या तुकड्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. गाठ सोडली तर आत विद्यापीठाच्या संगणक केंद्राचे अंक. चार-चार, आठ-आठ पानांचे, कडा पिवळ्या पडलेल्या. नीट रचून ठेवलेल्या त्या गठ्ठ्याच्या कडेवर वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी लाल रेघ होती. एका ठिकाणी ती किंचित तुटली होती.

"आत्या, ही रेघ कसली?"

"गठ्ठा पडला तर परत लावता यावा म्हणून," ती म्हणाली. "हाताची सवय गं. कार्डांपासूनची."

माझ्या लहानपणी आत्या आमच्याच घरात राहायची आणि रोज सकाळी डबा घेऊन विद्यापीठात जायची. तिचा हुद्दा 'पंच ऑपरेटर'. तिथल्या यंत्राला घरातली मोठी माणसं 'गणकयंत्र' म्हणत. 'संगणक' हा शब्द आमच्या घरात आला तो याच अंकांच्या मथळ्यावरून. तेव्हाच्या गोष्टी मी आत्याकडून ऐकल्या, आजोबांकडून ऐकल्या आणि केंद्राच्या प्रमुखांकडून ऐकल्या. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. दर वर्षी खंडेनवमीला ते यंत्राच्या पूजेला आम्हा मुलांनाही बोलवायचे. दाराबाहेर चपला काढायच्या, आतल्या गारव्यात अंगावर काटा यायचा आणि त्या करड्या कपाटासारख्या यंत्राला झेंडूची माळ घातलेली असायची. चपला काढायच्या त्या धूळ आत जाऊ नये म्हणून. पण आम्हाला ते देवघरच वाटायचं, आणि देवघरासारखंच तिथेही कुणी आत जायचं आणि कुणी उंबऱ्याशी थांबायचं हे ठरलेलं होतं.

उंबरा म्हणजे एक खिडकी. विद्यार्थी आणि प्राध्यापक त्या खिडकीतून कार्डांचा गठ्ठा आत देत आणि दुसऱ्या दिवशी, कधी दोन-तीन दिवसांनी, उत्तर घ्यायला येत. एका कार्डावर ऐंशी रकाने, एका रकान्यात एक अक्षर. प्रोग्रॅमची एक ओळ म्हणजे एक कार्ड. तीनशे ओळींचा प्रोग्रॅम म्हणजे तीनशे कार्डं, आणि ती हातातून निसटली तर सगळं मुसळ केरात. म्हणून गठ्ठा जुळवून धरायचा आणि त्याच्या माथ्यावर शाईने एक तिरकी रेघ ओढायची. कार्डं विस्कटली तरी रेघेचा ठिपका कुठे आहे ते बघून ती पुन्हा ओळीने लावता येतात. युक्ती एवढीशी. पण आत्या सांगते, केंद्रात ती माहीत असलेली माणसं चार-पाचच होती. विद्यापीठाच्या जिन्यात कार्डं गोळा करत रडकुंडीला आलेली मुलं मात्र तिने पुष्कळ पाहिली.

यंत्र आयबीएम १६२०. १९५९ मध्ये बाजारात आलेली ही मालिका. पाच आकडी संख्यांच्या बेरजा ते सेकंदाला सतराशेच्या वर करी, आणि त्या काळी तेवढ्यावर पीएच.डी. होत. त्याच्या मूळ स्मृतीत वीस हजार आकडे मावत. त्याची एक गोष्ट आत्या अजून डोळे मोठे करून सांगते. या यंत्राच्या अंगात बेरीज करणारी वेगळी जोडणीच नव्हती. स्मृतीच्या शंभराव्या घरापासून तीनशे नव्व्याण्णवाव्या घरापर्यंत गुणाकाराचे आणि बेरजेचे तक्ते मांडून ठेवायचे, आणि यंत्राने दर वेळी त्यात बघून उत्तर काढायचं.

"म्हणजे पाढे गं," आत्या म्हणते. "आपण पोरांना शिकवतो तसे यंत्राला आधी पाढे द्यायचे. कुणाच्या प्रोग्रॅमने चुकून त्या घरांत दुसरंच काही लिहिलं, की यंत्र पाढे विसरलं. मग त्याचं गणित बिघडतं ते न थांबता, न कुरकुरता. उत्तर येतं, फक्त खोटं येतं."

सर या सगळ्यात आले ते आणखी मागच्या काळातून. तरुणपणी ते दुसऱ्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या माणसांनी बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये चालू झाला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ते नाव दिलं. त्याची बातमी सरांनी वर्तमानपत्रात वाचली होती. पुढे १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं आणि देशभरातली माणसं आपापली गणितं घेऊन कुलाब्याला जाऊ लागली. सरही गेले. दोन हजार कार्डांचा खोका मांडीवर घेऊन रात्रभर पॅसेंजरने प्रवास करायचा, पहाटे व्हीटीला उतरायचं, आपला नंबर येईपर्यंत ओळखीच्यांच्या खोलीवर पथारी टाकायची. एकदा सबंध प्रवास करून गेले आणि पहिल्याच कार्डावरच्या एका स्वल्पविरामापायी सगळं परत आलं. ही गोष्ट ते हसून सांगत नसत. "पाच दिवसांचा पगार आणि एका स्वल्पविरामाची माहिती," ते म्हणत, "ती माहिती गावातच मिळायला हवी होती."

कानपूरची गोष्ट सांगताना मात्र त्यांचा चेहरा उजळायचा. तिथल्या आयआयटीत ऑगस्ट १९६३ मध्ये आयबीएम १६२० आलं. अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांच्या सहकार्यातून ती संस्था उभी राहत होती. तिथल्या प्राध्यापकांनी यंत्र कपाटात ठेवलं नाही. बाहेरच्या संशोधकांसाठी आणि शिक्षकांसाठी त्यांनी फोर्ट्रानचे थोड्या दिवसांचे वर्ग घेतले. त्या वर्गांपैकी एकाला सर जाऊन आले. प्रा. व्ही. राजारामन तिथे शिकवत. शिकवतानाच्या टिपणांतून पुढे त्यांचं प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक तयार झालं, ते १९६९ मध्ये आलं आणि देशभरातल्या एका पिढीने त्यावरच प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं. सरांनी तिथून आणलेल्या टिपणांच्या कडा हाताळून मऊ झालेल्या होत्या. "यंत्र कानपूरला होतं," ते सांगत, "पण मी घरी आणलं ते हे कागद. यंत्र बरोबर आणता येत नाही, कागद आणता येतो."

आमच्या विद्यापीठात यंत्र आलं तरी ही समजूत लगेच आली नाही. माहिती खिडकीच्या आत राहिली. तीही सगळ्यांत जास्त कुणाकडे होती, तर पंच करणाऱ्या मुलींकडे. प्राध्यापक मंडळी कोडिंगच्या कागदावर पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहून देत आणि आत्या आणि तिच्या दोन मैत्रिणी तो कार्डांवर टोचत. दिवसाला शेकडो कार्डं. विद्यापीठातली प्रत्येक चूक त्यांच्या बोटांखालून जायची. कोण इंग्रजी 'ओ' आणि शून्य सारखंच काढतो, कोणाचं वाक्य सातव्या रकान्याऐवजी सहाव्यातच सुरू होतं, सगळं पाठ. आत्याने एक दोनशे पानी वही घातली होती. त्यात ती चुका लिहायची. नाव नाही, विभाग नाही. चूक आणि तिच्यासमोर उपाय.

त्या वहीतली एक नोंद मी पाहिली आहे. प्राणिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने सहा महिने रानात हिंडून मोजणी केली होती. एकूण संख्येत माद्या किती, हे प्रमाण तिला काढायचं होतं. उत्तरं आली ती सगळी शून्य. दुसऱ्यांदा दिली, पुन्हा शून्य. तिसऱ्या वेळी ती खिडकीशी उभी राहून रडू लागली. फोर्ट्रानचा नियम असा की 'आय' ते 'एन' या अक्षरांनी सुरू होणारी नावं पूर्णांकांची. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळून पडतो. विसाला पन्नासने भागा, यंत्राच्या हिशेबी शून्य. तिच्या दोन्ही नावांची सुरुवात 'एन'ने होती. आत्याने आपल्या अधिकारात नसताना दोन्ही नावांच्या आधी एकेक अक्षर जोडलं आणि गठ्ठा पुन्हा आत दिला. संध्याकाळी प्रमाणं आली. "सहा महिन्यांचं काम आणि एक अक्षर," आत्या म्हणते. "आणि ते अक्षर मला माहीत होतं, तिला नव्हतं. का? तर मी खिडकीच्या आत बसले होते."

अंक निघाला तो मात्र एका अफवेमुळे. साल १९७८. परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायचा होता. आयबीएमने ते मान्य केलं नाही आणि त्या वर्षी कंपनीने भारतातला गाशा गुंडाळला. विद्यापीठात बातमी पोचली ती भलत्याच रूपात. केंद्राला कुलूप लागणार, यंत्र परत नेणार, दिलेली कार्डंसुद्धा परत मिळणार नाहीत. खिडकीशी रांग लागली. प्रबंध सादर करायला महिना उरलेले विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक, कुणाचे वडीलसुद्धा. खरी गोष्ट अशी होती की विद्यापीठाचं यंत्र विद्यापीठातच राहणार होतं, आणि कंपनीच्या यंत्रांची देखभाल आता सरकारच्या कंप्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे आली होती. सरांनी हे पहिल्या दिवशी पन्नास जणांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी आणखी पन्नास आले. तिसऱ्या दिवशी सरांचा घसा बसला.

त्या संध्याकाळी त्यांनी आत्याला बोलावलं. "बाई, तुम्हाला टायपिंग येतं. तुमच्याकडे वही आहे. एकदाच छापू आणि सगळ्यांना देऊ. यंत्राचं काय होणार ते पहिल्या पानावर, बाकी पानांवर तुमची वही."

"माझी वही?" आत्याला पटेना. "सर, ती हातची नोंद आहे. त्यात मोठमोठ्या लोकांच्या चुका आहेत."

"नावं आहेत?"

"नाहीत."

"मग ती चूक कुणा एकाची राहत नाही. छापा."

छापायचं म्हणजे सायक्लोस्टाइल. विद्यापीठात ते यंत्र एकाच जागी होतं, परीक्षा विभागात, कुलुपात, कारण प्रश्नपत्रिका त्यावर निघत. अर्ज झाला, टिपणी झाली, फाइल तीन टेबलांवर फिरली आणि अखेर परवानगी मिळाली ती कचेरी सुटल्यावर, शिपाई समोर उभा असताना, दोन तासांची. स्टेन्सिल आत्याने आमच्या माजघरात टाइप केलं. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची, म्हणजे खिळा थेट मेणकागदावर बसतो आणि अक्षर कापतो. हात हलका पडला तर अक्षर उमटत नाही. जोरात पडला तर गोल अक्षरांची पोटं गळून पडतात आणि छापल्यावर तिथे काळा ठिपका येतो. इंग्रजी 'ओ' आणि शून्य ही त्यातली सगळ्यांत नाजूक जोडी, आणि नेमकं त्यांच्यावरच प्रोग्रॅमचं सगळं भवितव्य. काही ठिकाणी 'ओ'ला काट मारण्याची रीत होती, काही ठिकाणी शून्याला. आत्याने ठरवलं, आमच्या केंद्रात शून्याला. मग पानभर टाइप झालं की ती टोकदार लेखणी घेऊन कंदिलासमोर स्टेन्सिल धरायची आणि एकेका शून्याला हाताने तिरका छेद द्यायची. चुकलं तर नेलपॉलिशसारख्या वासाचा लाल द्राव लावायचा, फुंकर घालायची, सुकला की पुन्हा. तो वास आमच्या घरात आठ दिवस होता.

आजोबांनी तो लगेच ओळखला. बेचाळीसच्या चळवळीत ते अठरा वर्षांचे होते आणि भूमिगतांची बुलेटिनं पिठाच्या पिशवीतून गावोगाव पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. तेव्हापासून ही शाई त्यांच्या ओळखीची. आणीबाणीतही सायक्लोस्टाइलवर पत्रकं निघाली. त्या एकवीस महिन्यांत असं यंत्र बाळगणाऱ्याला दारावरच्या टकटकीची भीती असे. आणीबाणी उठून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आत्या घरी आली तेव्हा तिची नखं काळी होती. आजोबांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि काही न विचारता दाराला कडी घातली. आत्याने पिशवीतून अंक काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कंदिलाजवळ नेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. फोर्ट्रान त्यांना कळणं शक्य नव्हतं. पण पहिल्या पानावरचं अफवेविषयीचं निवेदन त्यांनी दोनदा वाचलं.

"बेचाळीसात आम्ही हेच करत होतो," ते म्हणाले. "खरं काय ते लोकांना कळलं नाही की अफवा पिकते. आणि अफवा पिकली की माणूस घाबरून घरात बसतो." मग त्यांनी दाराची कडी काढली.

पहिल्या अंकाच्या दीडशे प्रती होत्या. सहा पानं, कोपऱ्यात एक टाचणी. दुसऱ्या पानावर तिरक्या रेघेची युक्ती आकृतीसह. तिसऱ्यावर पाढे कुठे असतात आणि त्यांना धक्का का लावू नये. चौथ्यावर 'आय' ते 'एन'. चार दिवसांत खिडकीशी रांग निम्मी झाली. आठव्या दिवशी प्रती संपल्या आणि लोक एकमेकांचा अंक हाताने उतरवून घेऊ लागले.

पुढे मी याच क्षेत्रात आले तेव्हा कळलं की ही गरज एका गावाची नव्हती. आयबीएम ७०४ हे यंत्र घेणाऱ्यांनी १९५५ मध्येच लॉस एंजेलिसच्या परिसरात 'शेअर' नावाचं मंडळ काढलं होतं, ते आपले प्रोग्रॅम आणि आपल्या अडचणी एकमेकांना देता याव्यात म्हणून. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजातून जुलै १९७५ मध्ये 'युनिक्स न्यूज' हे छोटंसं पत्र निघालं. नावावरून कायद्याची अडचण आली तेव्हा १९७७ मध्ये ते 'लॉगिन' झालं आणि पुढे कित्येक वर्षं चाललं. यंत्रं वेगळी, देश वेगळे. पण जिथे म्हणून यंत्र एक आणि वापरणारे अनेक होते, तिथे कुणीतरी संध्याकाळी बसून इतरांसाठी चार पानं लिहीत होतं.

दीड वर्ष अंक सायक्लोस्टाइलवर निघाला. मग सरांच्या मनात आलं की तो आता छापखान्यात छापावा. विद्यापीठाला जोडलेली कॉलेजं तालुक्यातालुक्यांत पसरलेली. तिथल्या शिक्षकांनी यंत्र पाहिलेलंही नाही. त्यांच्यापर्यंत जायचं तर अंक टिकाऊ हवा आणि त्यात मराठी हवं. देवनागरीचा टाइपरायटर केंद्रात नव्हता, म्हणून तोवर सगळा मजकूर इंग्रजीत होता. सर म्हणाले, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी, शेजारी शेजारी दोन स्तंभ. 'दर्पण'सारखे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढलं ते असंच दोन भाषांत, दोन स्तंभांत. सरांना त्यातलं आणखी एक फार जवळचं वाटायचं. "लोकांना बाळशास्त्री संपादक म्हणून माहीत असतात," ते सांगत, "पण तो माणूस गणिताचा. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलं, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम पाहिलं, मराठीत 'शून्यलब्धि' लिहिलं. ज्याला गणित येतं त्यानेच ते लोकांच्या भाषेत आणायचं, हे त्यांनी आपल्याआधी दीडशे वर्षं करून ठेवलंय." म्हणून छापील अंक ६ जानेवारी १९८० ला काढायचा, असं ठरलं.

गावातल्या एका ट्रेडल प्रेसमध्ये काम दिलं, आणि नेमक्या लोकसभेच्या निवडणुका आल्या. ३ आणि ६ जानेवारीला मतदान. प्रेसचं पाऊल रात्रंदिवस हँडबिलांवर चाललेलं. आमचा अंक गॅलीत अडकून पडला. पण त्या थांबण्यानेच आत्याची जुळारीकाकांशी ओळख झाली. ती रोज संध्याकाळी प्रूफं बघायला जायची आणि मला बरोबर न्यायची.

जुळारीकाकांचं वय साठीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. देवनागरीच्या केसमध्ये शेकडो घरं. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने-मात्रांसकट अक्षरं. त्यांचा हात न बघता त्या घरांत जायचा. मराठी स्तंभ त्यांनी एका बैठकीत जुळवला. अडले ते प्रोग्रॅमपाशी. पहिल्या प्रुफात प्रत्येक ओळ डाव्या समासाला घट्ट चिकटलेली. आत्या म्हणाली, "काका, ओळीआधी सहा जागा मोकळ्या हव्यात."

"मोकळ्या कशाला, बाई? ओळ समासापासून सुरू होते. पोकळ दिसेल पान."

आत्याने पिशवीतून एक कार्ड काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. पहिले पाच रकाने वाक्याच्या क्रमांकाचे. सहावा, मागची ओळ पुढे चालू आहे हे सांगणारा. वाक्य सातव्यापासून. "या सहा जागांत काही नाही, हेही यंत्र वाचतं," ती म्हणाली. "तिथे अक्षर आलं तर अर्थ बदलतो."

काकांनी कार्ड उजेडाकडे धरलं. भोकांतून दिवा दिसत होता आणि डावीकडचा भाग कोरा होता. बराच वेळ ते बघत राहिले. मग एका घरातून त्यांनी चपट्या, अक्षर नसलेल्या तुकड्यांची मूठ काढली आणि माझ्या तळहातावर ओतली. जड होते.

"हे क्वाड," ते मला म्हणाले. "पानावर जिथे काही दिसत नाही ना पोरी, तिथे हे असतात. रिकाम्या जागेलाही शिसं लागतं. ते भरलं नाही तर बाकीची अक्षरं उभीच राहत नाहीत." आणि ते आत्याकडे वळले. "तुमचं यंत्र आमच्यातलंच आहे म्हणायचं."

त्यांनी प्रत्येक ओळीआधी मोजून क्वाड भरले. शून्याला काट मारलेला खिळा केसमध्ये नव्हता. तेव्हा प्रोग्रॅमचं एक मोठं पान आत्याने टाइप करून दिलं आणि त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घेतला. त्यात तिने हाताने मारलेल्या काटा जशाच्या तशा आल्या.

अंक हातात आला तो संक्रांतीनंतर. ६ जानेवारी हुकली याची रुखरुख सरांना होती, पण केंद्रात तिळगूळ आणि अंक एकदमच वाटले गेले. आमच्या माजघरात तीनशे प्रती आल्या. मी, माझा भाऊ आणि आजोबा असे आम्ही तिघं पानं दुमडायला बसलो. पोलादी पट्टीने घडी दाबायची, मध्ये टाचणी मारायची, कागदाची पट्टी गुंडाळायची, पत्ता लिहायचा आणि बुक पोस्टाचं तिकीट लावायचं. ताज्या शाईचा हात लागायचा. छापील अक्षरावर बोट फिरवलं तर खोलगट लागायचं. सायक्लोस्टाइलच्या कागदावर असं कधी लागलं नव्हतं. आजोबांनी मराठी स्तंभ मोठ्याने वाचला. "यंत्राला आधी पाढे द्यावे लागतात" या वाक्याशी थांबून ते म्हणाले, "आता मला कळलं तुम्ही काय करता ते." आत्या नोकरीला लागून तेव्हा आठ वर्षं झाली होती.

ट्रंकेत सापडलेले अंक मी आता माझ्या टेबलावर चाळत होते. कुठेही आत्याचं नाव नाही. संपादक म्हणून सरांचंही नाही. 'संगणक केंद्र' एवढंच. हे मला खटकलं. ज्या वहीवर सगळं उभं राहिलं, ती वही लिहिणारीचं नाव एकदा तरी यायला हवं होतं, असं मी आत्याला म्हटलं.

"सरांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "मीच नको म्हटलं. चुकीपुढे आम्ही कुणाचं नाव घातलं नाही. मग उत्तरापुढे कसं घालायचं?"

मी गठ्ठा परत लावायला घेतला. सायक्लोस्टाइलचे सगळे होते. १९८० च्या फेब्रुवारीपासूनचेही होते. रेघ तुटली होती ती त्यांच्यामध्ये. पहिला छापील अंकच नव्हता.

"तो गेला," आत्या म्हणाली. "उन्हाळ्यात एक तरुण मास्तर आले होते, तालुक्याच्या कॉलेजातले. गणित शिकवायचे. कुणाच्या तरी हातात अंक पाहिला म्हणून एसटीने तीन तास प्रवास करून मागायला आले. प्रती संपल्या होत्या. माझी दिली. महिन्याने पोस्टाने कोडिंगचा कागद आला. त्यांनी यंत्र कधी पाहिलं नव्हतं गं. पण डावीकडच्या सहा जागा कोऱ्या होत्या, आणि एकेका शून्याला काट."

"आणि प्रोग्रॅम?"

"मी पंच केला. पहिल्याच खेपेला चालला. उत्तर बुक पोस्टाने पाठवून दिलं. खिडकीशी न येता काम झालेला तो पहिला माणूस."

मी कागदांच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या. आत्याने गठ्ठा मांडीवर घेतला आणि सवयीने त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. तुटलेल्या जागी ते क्षणभर थांबलं, मग पुढे सरकलं. तिने नऊवारीच्या तुकड्याची गाठ मारली.